शेत जाग्यावर, शेट विलायतेत

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले भाषण. सभेस येऊ न शकलेल्या वाचकांसाठी येथे देत आहोत.)



आजचा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. चावडीवर, पारावर, बाजाराच्या दिवशी लोहाराच्या भात्यापाशी बसलेल्या मंडळींच्या तोंडून एकच सवाल आमच्या कानी वारंवार येतो. "आमचे पन्नास हजार थकले तर सोसायटीचा माणूस दारात उभा राहतो, आणि हजारो कोटी थकवून खासदार विलायतेस जाऊन बसतो, त्याला कोणी हात लावीत नाही. हा न्याय कोणत्या देशचा?" सवाल रास्त आहे. परंतु सवाल करून, तंबाखू मळून, उठून घरी गेल्याने त्याचे उत्तर मिळत नाही. म्हणून आज आपण एका गेलेल्या खासदाराचा हिशेब दुकानदाराच्या चोपडीप्रमाणे ओळ न ओळ तपासू. तो कोणत्या दाराने बाहेर गेला, ते दार कोणी उघडे ठेवले, आणि ते लावणे कोणाच्या हाती आहे, एवढेच पाहावयाचे आहे.

हे गृहस्थ म्हणजे विजय मल्ल्या. वडील विठ्ठल मल्ल्या १९८३ साली वारले, तेव्हा दारू व बिअरचा मोठा कारभार ऐन तारुण्यात यांच्या हाती आला. पुढे राजकारणाची हौस उपजली. जनता पक्षाचे ते राष्ट्रीय कार्याध्यक्ष झाले. २००४ साली कर्नाटक विधानसभेच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने पैसा व गाजावाजा पुष्कळ केला; पण तेथल्या रयतेने एकही जागा दिली नाही. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. कर्नाटकातील कुणबी, धनगर, विणकर एवढे भोळे नव्हते. मग हे गृहस्थ खासदार कसे झाले? राज्यसभेचा खासदार आमदारांच्या मतांनी निवडला जातो. २००२ साली काँग्रेस आणि जनता दल (सेक्युलर) यांच्या आमदारांचा पाठिंबा त्यांना मिळाला. २०१० साली जनता दल (सेक्युलर) आणि भारतीय जनता पक्ष यांच्या आमदारांचा मिळाला. एरवी विधानसभेत एकमेकांच्या उरावर बसणारे पक्ष या एका शेटजीच्या बाबतीत पाठोपाठ एकाच ओळीत उभे राहिले. रयतेने जे दार लावले होते, ते रयतेच्याच प्रतिनिधींनी मागून उघडून दिले. पहिले दार ते हे.

आता दुसरे दार पाहू. २००५ साली मल्ल्या यांनी किंगफिशर नावाची विमान कंपनी काढली. पुढे एअर डेक्कन ही दुसरी कंपनी विकत घेतली. थाट मोठा, पण या विमान कंपनीला कधी एका वर्षाचाही नफा झाला नाही. धंद्यात तोटा येणे हा गुन्हा नव्हे, हे आम्ही आधीच स्पष्ट सांगतो. पाऊस दगा देतो, भाव पडतो, चांगला कसणाराही बुडतो. मग विमानवाला बुडाला तर त्याला चोर म्हणणे आम्हांस शोभणार नाही. प्रश्न वेगळा आहे. तोटा दिसत असताना कर्ज कशावर दिले?

तुम्ही सोसायटीत पीककर्ज मागावयास जाता तेव्हा काय काय लागते, हे तुम्हांस आम्ही सांगावे असे नाही. सातबारा लागतो, आठ-अ लागतो, इतर बँकांचा बेबाकी दाखला लागतो, जामीनदार लागतात. कर्ज मिळाले की सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि तो फेडल्याखेरीज उतरत नाही. सुताराला रंधायंत्र घ्यावयाचे असेल तर बँकेचा साहेब विचारतो, "तारण काय?" सुतार म्हणाला की, "साहेब, पंचक्रोशीत माझे नाव मोठे आहे, तेवढे नाव तारण धरा," तर साहेब हसेल आणि शिपायाला खूण करील.

परंतु किंगफिशरच्या बाबतीत बँकांनी नावच तारण धरले! किंगफिशर हे नाव व त्याची चिन्हे यांची किंमत चार हजार कोटींहून अधिक मांडली गेली होती. कंपनी बुडाल्यावर, २०१६ च्या एप्रिलात, तेच नाव लिलावास काढले. बोली सुरू करण्याची किंमत ठेवली ३६६ कोटी ७० लाख रुपये. एकही गिऱ्हाईक आले नाही. जो माल बाजारात मोडीच्या भावानेही खपत नाही, त्यावर बँकेने रयतेच्या ठेवी उधळल्या. याहून नवल ऐका. २०११ साली कंपनीकडून पैसे येईनात, तेव्हा बँकांनी कर्जाचा एक भाग कंपनीच्या शेअरांत फिरवून घेतला, आणि तोही बाजारभावापेक्षा चढ्या भावाने. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, कुळाने लंगडा बैल पुढे केला आणि सावकाराने तो धडधाकट बैलाच्या किमतीस कर्जात वळता करून घेतला. असा दयाळू सावकार तुमच्यापैकी कोणी पाहिला आहे काय? आयडीबीआय बँकेने २००९ साली दिलेल्या कर्जाच्या प्रकरणात त्या बँकेच्या माजी अध्यक्षांना व काही अधिकाऱ्यांना जानेवारी २०१७ मध्ये सीबीआयने अटक केली. दोष कोणाचा हे ठरविणे कोर्टाचे काम आहे. पण कर्ज देताना तुम्हांला लागतो तो नियम तेथे लागला नाही, हे समजावयास कोर्टाची गरज नाही.

२०१२ च्या ऑक्टोबरात विमाने बंद पडली. कामगारांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. ज्यांनी विमानांचे नटबोल्ट आवळले, सामान उचलले, प्रवाशांना पाणी दिले, त्यांच्या घरी चुली थंड पडल्या. त्याच वर्षी डिसेंबरात मालकांनी आपल्या वाढदिवसानिमित्त तिरुपतीच्या देवस्थानास तीन किलो सोने अर्पण केले. कोणाच्या श्रद्धेवर आम्ही बोट ठेवीत नाही. परंतु मजुराची मजुरी अडवून देवाला सोने वाहावयाचे, हा कोणता धर्म, हे विचारण्याचा हक्क मजुराला आहे. २००९ साली याच गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचा चष्मा व वहाणा विकत घेऊन मोठी शाबासकी मिळविली होती. गांधीजींचा चष्मा मिळाला, पण त्यातून दिसावयाचे ते दिसले नाही. पुढे २०१५ च्या डिसेंबरात साठाव्या वाढदिवसाचा थाट गोव्यात कांदोळीच्या बंगल्यावर झाला. त्याच्या महिनाभर आधी स्टेट बँकेने त्यांना ऐपत असून पैसे न देणारा कर्जदार ठरविले होते!

आता तिसरे दार, आणि हेच सर्वांत महत्त्वाचे. २०१५ च्या जुलैत सीबीआयने गुन्हा नोंदविला होता. ऑक्टोबरात विमानतळांना नोटीस गेली की, हा इसम देशाबाहेर जाऊ लागला तर त्यास अडवा. नोव्हेंबरात ती नोटीस बदलली. अडवू नका, आला-गेला एवढे कळवा, असे झाले. 'अडवा' या एका शब्दाच्या जागी 'कळवा' हा शब्द आला, आणि त्या एका शब्दातून पुढे अख्खा माणूस निघून गेला. २०१८ साली सीबीआयने कबूल केले की ही निर्णयाची चूक होती. चूक माणसाकडूनच होते. परंतु बंधूंनो, आम्ही इतकी वर्षे सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत आहो. गरिबाच्या नोटिशीत अशी चूक झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. गरिबाच्या कागदातील चूक नेहमी त्याच्या विरुद्धच का पडते आणि शेटजीच्या कागदातील चूक त्याच्या बाजूने का पडते?

पुढच्या तारखा लक्षपूर्वक ऐका. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी विलायतेतील डियाजिओ कंपनीशी मल्ल्या यांचा करार झाला. आपल्याच जुन्या दारूच्या कंपनीचे अध्यक्षपद सोडण्याबद्दल त्यांना साडेसात कोटी डॉलर मिळावयाचे होते. आपण यापुढे मुलांजवळ इंग्लंडात अधिक काळ घालविणार, हेही त्यांनी उघड सांगितले. म्हणजे चोरून काहीच नव्हते. दवंडी पिटून झाली होती. २ मार्चला ते दिल्लीहून लंडनच्या विमानात बसले. खिशात खासदाराचा राजनैतिक पासपोर्ट होता. बँका सुप्रीम कोर्टात गेल्या ८ मार्चला. ९ मार्चला सरकारच्या सर्वांत मोठ्या वकिलाने कोर्टास सांगितले की, गृहस्थ २ तारखेसच गेले. सतरा बँकांचे मिळून सुमारे नऊ हजार कोटी रुपये येणे होते. दर घरास एक लाखाचे कर्ज धरले तर नऊ लाख शेतकरी घरांचे कर्ज होईल एवढी ही रक्कम. आणि बँकांना जाग आली सहा दिवसांनी!

डियाजिओकडून हाती आलेल्या पैशापैकी चार कोटी डॉलर त्यांनी मुलांच्या नावे केले. कोर्टाचा मनाई हुकूम मोडून हे केले, म्हणून सुप्रीम कोर्टाने २०१७ साली त्यांना कोर्टाच्या बेअदबीबद्दल दोषी ठरविले आणि ११ जुलै २०२२ रोजी चार महिन्यांची कैद व दोन हजार रुपये दंड सांगितला. मुलांकडे गेलेली रक्कम व्याजासह परत करण्याचा हुकूमही केला. दोन हजार रुपये ऐकून तुम्ही हसलात. पण १९७१ च्या कायद्याने त्या गुन्ह्यास याहून अधिक दंड करताच येत नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे साधा माणूस होता. चार कोटी डॉलर एका सहीने हलविणारा माणूस त्यांच्या कल्पनेतच नव्हता.

विलायतेत काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण तेथेही शिकण्यासारखे आहे. आपल्या देशाचा व ब्रिटनचा आरोपी एकमेकांच्या हवाली करण्याचा करार १९९२ साली झाला. परंतु त्याखाली तिकडून परत आलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे. मल्ल्या यांना १८ एप्रिल २०१७ रोजी लंडनमध्ये अटक झाली, आणि साडेसहा लाख पौंडांच्या जामिनावर त्याच दिवशी सुटका झाली. कोर्टात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, आपल्यामागे राजकारणामुळे ससेमिरा लावला आहे. आणि दुसरी, हिंदुस्थानचे तुरुंग माणसाने राहण्यासारखे नाहीत. पहिली गोष्ट कोर्टाने मानली नाही. १० डिसेंबर २०१८ रोजी कोर्टाने सांगितले की, आरोपांना प्रथमदर्शनी आधार आहे, त्यांना परत पाठवावे. दुसऱ्या गोष्टीसाठी मात्र मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील बारा नंबरच्या बराकीचे चित्रण मागवून कोर्टाने पाहिले. खिडकीतून उजेड येतो की नाही, हेही तपासले.

त्याबद्दल इंग्रज न्यायाधीशाला आम्ही दोष देत नाही. कैद्यालाही उजेड मिळालाच पाहिजे. परंतु त्याच आर्थर रोडमध्ये क्षमतेच्या कितीतरी पट माणसे कोंबलेली असतात. त्यांत खटला सुरू होण्याची वाट पाहणारी आमचीच गोरगरिबांची मुले असतात. त्यांच्या बराकीचे चित्र कोणी मागविले आहे काय? घाणेरडा तुरुंग आणि रेंगाळणारे कोर्ट हे पळालेल्या धनिकाचे सर्वांत चांगले वकील आहेत. गरिबासाठी जर आपण तुरुंग माणसांचे केले असते, तर श्रीमंताच्या तोंडची ती सबब आपोआप गेली असती. गरिबाची उपेक्षा केली की तिचा फायदा शेवटी बडा आरोपी उठवितो, याचे इतके उघड उदाहरण दुसरे सापडणार नाही.

त्यानंतर ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये संमती दिली. मल्ल्या यांचे अपील एप्रिल २०२० मध्ये फेटाळले गेले, आणि १४ मे २०२० रोजी तेथील सुप्रीम कोर्टाचे दारही बंद झाले. सर्वांना वाटले, आता आले. पण एक गोपनीय कायदेशीर बाब शिल्लक आहे असे सांगण्यात आले, आणि त्या निकालाला पाच वर्षे उलटून गेली तरी त्यांना परत पाठविण्यात आले नाही. इकडे ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईच्या खास कोर्टाने त्यांना फरारी आर्थिक गुन्हेगार जाहीर केले. या कामासाठी २०१८ साली नवा कायदा झाला आहे; शंभर कोटी व त्यावरील प्रकरणांत पळालेल्याची मालमत्ता सरकारजमा करता येते. त्या कायद्याखाली जाहीर झालेले पहिले नाव याच माजी खासदाराचे.

आता कोणी म्हणेल, "पैसे तर वसूल झाले ना? मग ओरड कशाची?" हा मुद्दा मल्ल्या स्वतःही मांडतात, आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे दडवून ठेवणे हा आमचा बाणा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की, मल्ल्या यांच्या मालमत्तेतून १४,१३१ कोटी ६० लाख रुपये सरकारी बँकांना परत मिळाले. मल्ल्या म्हणतात, वसुली कोर्टाने ठरविलेले देणे व्याजासह ६,२०३ कोटींचे होते, मग दुपटीहून अधिक घेतले तरी मला चोर कसे म्हणता? हिशेबाचा वाद कोर्टात नीट सोडवावा, आणि एक रुपया जास्त घेतला असेल तर तोही परत करावा, असे आम्ही बेधडक म्हणतो. न्याय आमच्यासाठी एक आणि शेटजीसाठी दुसरा असावा, असे आम्हांस नकोच आहे. परंतु वसुली ही एक गोष्ट आणि जबाब देणे ही दुसरी. ही वसुली त्यांनी आणून दिलेली नाही. शेअर व घरेदारे जप्त करून, विकून ती झाली. मुंबईतील किंगफिशर हाऊस प्रथम दीडशे कोटींस काढले होते, लिलावामागून लिलाव फुकट गेले, आणि २०२१ साली ते सुमारे बावन्न कोटींस गेले. गोव्याचा बंगला २०१७ साली ७३ कोटींस गेला. कोणाचे देणे कोणाच्या मालातून फिटले ते चोपडीत दिसेल. पण बँकेचे पैसे कोठे वळविले, कोणी वळवू दिले, हे सारे खोटे आहे की खरे, याचा निवाडा आरोपी पिंजऱ्यात उभा राहिल्याखेरीज होत नाही. ते निर्दोष असतील तर निर्दोष सुटण्याचा मार्गही तेथूनच जातो. पळालेला माणूस फिर्यादीलाही न्याय मिळू देत नाही आणि स्वतःलाही मिळू देत नाही.

हा रोग आपल्याच देशाचा आहे असे मात्र समजू नका. पूर्वेस थायलंड नावाचा भातशेतीचा देश आहे. तेथे थाकसिन शिनावात्रा हे टेलिफोनच्या धंद्यात अब्जाधीश झालेले गृहस्थ २००१ साली पंतप्रधान झाले. खेड्यातील गरिबांसाठी त्यांनी स्वस्त दवाखान्याची सोय केली, म्हणून भात पिकविणाऱ्या लोकांचे ते मोठे लाडके. २००६ साली लष्कराने त्यांचे राज्य उलथून टाकले. पत्नीच्या जमीनखरेदीचा खटला चालू असताना २००८ च्या ऑगस्टात ते जामीन सोडून परदेशी राहिले. त्यांच्या पाठीमागे दोन वर्षांची शिक्षा झाली. त्यांची बहीण यिंगलक पुढे पंतप्रधान झाली. तिच्या सरकारने बाजारापेक्षा चढ्या भावाने भात घेण्याची योजना काढली. ती फसली, शेतकऱ्यांचे पैसे कित्येक महिने थकले, आणि २०१७ साली निकालाच्या वेळी तीही देश सोडून गेली.

थाकसिन पंधरा वर्षांनी, २०२३ च्या ऑगस्टात परत आले. सगळ्या खटल्यांची मिळून आठ वर्षांची शिक्षा उभी होती. पण पहिल्याच रात्री प्रकृतीच्या कारणाने तुरुंगातून पोलिसांच्या इस्पितळात गेले. राजाने शिक्षा एका वर्षावर आणली, आणि सहा महिन्यांनी इस्पितळातूनच त्यांची सुटका झाली. येथे गोष्ट संपली असती तर आपल्याला नवल वाटले नसते. परंतु ९ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील सुप्रीम कोर्टाने सांगितले की, इस्पितळातील मुक्काम हा तुरुंगवास धरता येत नाही. वर्षभर तुरुंगात जा. आणि माजी पंतप्रधान तुरुंगात गेले. त्यांच्या बाजूचे लोक म्हणतात की लष्करवाल्यांनी त्यांचा छळ केला. त्यात तथ्य असेलही. जुलमी राजवटीपासून जीव वाचवून परदेशी जावे लागलेली माणसे जगात पुष्कळ आहेत, त्यांना आम्ही पळपुटे म्हणणार नाही. म्हणूनच तर खटला उघडपणे चालला पाहिजे आणि सर्वांना एकाच मापाने चालला पाहिजे, म्हणजे छळ कोणता आणि चौकशी कोणती हे रयतेला ओळखता येईल.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. ही हकीकत ऐकून तरुण मंडळींपैकी कोणी म्हणतील, "शेट पळाला, मग आम्ही तरी सोसायटीचे का फेडावे?" हा विचार मनाला गोड लागतो, पण तो विष आहे. सोसायटीत पडलेला पैसा तुमचाच आहे. विधवेने शिवणकाम करून ठेवलेली ठेव, कुंभाराने मुलीच्या लग्नासाठी टाकलेली रक्कम, त्यातूनच तुम्हांस कर्ज मिळते. ती बुडविली तर पहिला घाव तिच्यावर पडतो, लंडनमध्ये बसलेल्यावर पडत नाही. आणि दुसरे असे की, आपल्या तालुक्यातालुक्यांत लहान शेट काय कमी आहेत? पतसंस्थेचा अध्यक्ष आपल्याच मेव्हण्याच्या नावे कर्ज काढतो, बिनतारणाचे काढतो, आणि संस्था बुडाली की शहरात बंगला बांधून राहतो. त्याला विमान लागत नाही, एस.टी.चे तिकीट पुरते. मोठ्या पळपुट्यावर दात ओठ खाणारे आपण या लहान पळपुट्याच्या मुलाच्या लग्नात पहिल्या पंगतीस बसतो. हे बंद झाले पाहिजे.

१८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील कुणब्यांनी सुप्यापासून उठून सावकारांचे रोखे जाळले. त्यांचे सारेच वागणे बरोबर होते असे नाही. पण ते उठले ते भर बाजारात, उजेडात. पकडले गेले, तुरुंगात गेले, गाव सोडून परमुलखात लपले नाहीत. त्यातून चौकशी झाली आणि १८७९ चा कायदा आला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला पकडून तुरुंगात घालणे त्या कायद्याने बंद झाले. आपले वाडवडील जाग्यावर उभे राहिले म्हणून कायदा बदलला. शेत उचलून नेता येत नाही, यात आपले दुबळेपण आहे असे लोक समजतात. आम्ही म्हणतो, यातच आपले बळ आहे. जो जाग्यावर आहे तोच हिशेब मागू शकतो.

तर मागावयाचे काय, ते चार ओळींत सांगतो आणि बसतो.

पहिले, तारणाचा नियम एक असावा. सातबाऱ्यावरचा बोजा साऱ्या गावाला दिसतो. तसा मोठ्या कर्जदाराचा बोजा, त्याचे तारण आणि त्या तारणाची किंमत करणाऱ्याचे नाव साऱ्या देशाला दिसले पाहिजे. दुसरे, 'अडवा' चे 'कळवा' करावयाचे असेल तर ते कोणी केले, कोणत्या कारणासाठी केले, हे सहीनिशी लिहून ठेवावे, आणि चूक निघाल्यास तलाठ्याला जी शिक्षा होते ती त्या साहेबालाही व्हावी. तिसरे, आमदार गावात आला की त्याला रस्त्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारा: "राज्यसभेसाठी मत कोणाला दिले आणि का?" उमेदवाराला आपली मालमत्ता व देणी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागतात; शाळा शिकलेल्या मुलामुलींकडून ती सभेत मोठ्याने वाचून घ्या. चौथे, आपल्या सोसायटीच्या आणि पतसंस्थेच्या वार्षिक सभेस जा. वडे खाऊन अंगठा देऊन परत येऊ नका. ताळेबंद मागा, मोठ्या थकबाकीदारांची यादी मागा, संचालकांच्या नातलगांची कर्जे विचारा. पुरुष कामात असतील तर बायांनी जावे. बचतगटाचा पैसान्‌पैसा सांभाळणाऱ्या बायांना हिशेबात कोणी फसवू शकत नाही.

विमान आकाशात गेल्यावर खालून ओरडून ते थांबत नाही. ज्या दिवशी बिनतारणाच्या कर्जावर सही होते, ज्या दिवशी आमदार आपले मत थैलीकडे पाहून देतो, ज्या दिवशी नोटिशीतला शब्द गुपचूप बदलतो, त्या दिवशी ओरडले पाहिजे. ते दिवस दिल्लीत एकदा येतात, आणि आपल्या तालुक्यात दर वर्षी येतात. पुढच्या महिन्यात ज्यांच्या सोसायटीची सभा आहे, त्यांनी तेथूनच सुरुवात करावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.